गावचं बागमंडळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या आमच्या गावात झाडापेडांची आवड असणाऱ्यांचं हे मंडळ आहे. मे महिन्यात आणि गणपतीत घरी येणारे चाकरमानी, नव्याने जमीन घेतलेली माणसं, शाळेतले गुरुजी-बाई, शेजारच्या गावातल्या बायका असे सगळे साधारण तेच तेच विचारतात. ती उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

मंडळ सुरू कसं झालं?

रोपांच्या अदलाबदलीतून. रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्याकडच्या बायका एकमेकींच्या परसात जायच्या. कुणाकडून हळदीचे गड्डे, कुणाकडून अबोलीची रोपं, केळीचा मुनवा, राखेत घोळून ठेवलेलं पडवळाचं आणि तवशाचं (मोठ्या काकडीचं) बियाणं. मृगाच्या आत हे सगळं मातीत जायला हवं, म्हणून ती लगबग. त्याला कुणी उपक्रम म्हणत नसे.

मग १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू केली आणि कोकणाचा डोंगरउतार बदलून गेला. जिथे नाचणी आणि वरी व्हायची त्या वरकस जमिनीवर हापूस आणि काजूची कलमं उभी राहिली. घराघरात चार पैसे आले, हे मोठंच काम झालं. पण सगळ्यांचं लक्ष परसातून डोंगरावर गेलं. जुने रायवळ आंबे फळ्यांसाठी गेले, भोकर आणि अटक ही रानफळं मुलांना ओळखता येईनाशी झाली, आणि रोहिणीतली अदलाबदल थोड्या घरांपुरती उरली.

मंडळ जमलं ते या दोन बाजू एकत्र बसल्या म्हणून. कलमं बांधणारे बागायतदार एका बाजूला, परस सांभाळणाऱ्या बायका दुसऱ्या बाजूला. पहिल्याच बैठकीत रस्त्याकडेला झाडं लावू या, असा विषय निघाला तेव्हा एका आजींनी विचारलं, "लावूक काय, सगळेच लावतत. पाणी कोण घालतलो?" मंडळाचं सगळं काम आजही या प्रश्नाभोवती चालतं.

वेंगुर्ल्याचं बागायतीशी एवढं काय नातं?

बंदराचं गाव, म्हणून झाडंही बोटीतून आली. डचांनी १६३७ मध्ये इथे वखार घातली. त्याआधीपासून पोर्तुगीज शेजारी गोव्यात होते. काजू, अननस, पपई, पेरू, मिरची ही आज अगदी आपली वाटणारी पिकं त्यांच्यामुळे या किनाऱ्याला लागली. हापूसची कलमं बांधण्याची रीतही गोव्याकडूनच वर आली.

अलीकडचा इतिहास जास्त अभिमानाचा आहे. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली येतं, आणि कोकणातल्या काजूच्या बहुतेक नावाजलेल्या जाती तिथून निघाल्या. वेंगुर्ला १ ही जात अणसूरच्या झाडांतून निवडलेली. १९८१ साली आलेल्या वेंगुर्ला ४ चं एक पालक झाड वेतोऱ्याचं. १९९७ ची वेंगुर्ला ७ मोठ्या बीसाठी आजही मागितली जाते. अणसूर आणि वेतोरे ही आपल्याच तालुक्यातली गावं. कुणाच्या तरी बागेतलं एक चांगलं झाड कुणीतरी नीट पाहिलं, त्याची नोंद ठेवली, आणि त्यातून हजारो एकर काजू उभा राहिला. मुलांना हे सांगताना आम्हाला फार बरं वाटतं, कारण चांगल्या झाडाची नोंद ठेवणं हे कुणालाही करता येण्यासारखं काम आहे.

म्हणून तुम्ही झाडांची नोंदवही ठेवता?

हो, आणि आमच्या मते मंडळाचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

रायवळ आंबा कोयीपासून उगवतो, त्यामुळे प्रत्येक झाड वेगळं. एखाद्याचा रस पातळ आणि साखरेसारखा, एखादं लोणच्यालाच चांगलं, एखादं पाऊस पडल्यावरही किडत नाही. ते झाड तोडलं की ती चव कायमची गेली, कारण तशीच दुसरी कोय जगात कुठे नसते. फणसाचंही तसंच. कापा की बरका हे सगळे विचारतात, पण अमक्या घराच्या मागचा कापा मार्चअखेरीसच पिकतो, हे त्या घरातल्यांनाच माहीत असतं.

वहीत झाड कुठे आहे, कधी मोहोरतं, कधी पिकतं, फळ कशाला चांगलं, मालक कोण आणि कलमासाठी काडी द्यायला तयार आहे का, एवढं लिहितो. मग पावसाळ्यात त्याची कोयकलमं बांधतो. ही पद्धत दापोलीच्या विद्यापीठाने कोकणात घरोघरी पोचवली, आणि ती शिकायला कुणीही येऊ शकतं. कोय रुजून आलेलं तांबूस पानांचं कोवळं रोप घ्यायचं. कोयीपासून चार बोटं वर ते छाटायचं आणि मधोमध उभी चीर द्यायची. हव्या त्या झाडाची तीन-चार महिन्यांची, तेवढ्याच जाडीची काडी घेऊन तिला खाली दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तास द्यायचा. पाचर चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. चाकू धारदार हवा आणि कापलेल्या भागाला बोट लागता कामा नये. काडी आणि रोप यांची साल निदान एका बाजूने तरी जुळली पाहिजे, सगळं यश त्या एका जुळणीवर आहे. सांधा नीट जमला की काही आठवड्यांत डोळा फुटतो.

रस्त्याकडेच्या वृक्षारोपणाला मंडळ का येत नाही?

येतो, पण एका अटीवर: तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्या माणसाचं नाव आधी ठरलं पाहिजे.

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जुलैत काठी खोवली तरी ती हिरवी दिसते, त्यामुळे पावसाळ्यातल्या कार्यक्रमात सगळं छानच वाटतं. खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे. जांभ्या दगडात पाणी टिकत नाही, ते झिरपून समुद्राला जातं. त्यात भातकापणीनंतर गुरं मोकळी सुटतात आणि डोंगरावर वणवे लागतात. लावलेलं रोप यातून तगलं तरच ते झाड.

म्हणून आम्ही मोजकीच रोपं देतो. रोप घेणाऱ्याने वई (कुंपण) करायची, आळ्यात पातेरा (सुका पालापाचोळा) घालायचा आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन कळशा पाणी द्यायचं. पातेरा वीतभर जाड हवा, पण खोडाला चिकटून नको, नाहीतर वाळवी चढते. चौथ्या वर्षी झाड जिवंत असेल तर त्याचं नाव वहीत जातं.

आम्ही मुंबईत असतो, घर दहा महिने बंद. काय लावावं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मनापासून विचारलेला असतो. म्हणून थोडं सविस्तर.

पहिलं म्हणजे मे महिन्यात लावू नका. सुट्टी मेमध्ये असते म्हणून बहुतेक जण तेव्हाच रोपं आणतात, लावतात आणि चार दिवसांनी परत जातात. मेमध्ये फक्त खड्डे काढा. आंब्याला मीटरभर लांब-रुंद-खोल, काजूला दोन फूट पुरतो. खड्डे महिनाभर उन्हात तापू द्या, मग शेणखत आणि वरची चांगली माती घालून भरा. लागवड जूनच्या शेवटी किंवा जुलैत. तुम्ही येऊ शकत नसाल तर मंडळातलं कुणीतरी लावून देईल.

दुसरं, अंतर राखा. रोप लहान दिसतं म्हणून जवळजवळ लावायचा मोह होतो. आंबा दहा मीटर, काजू सात, नारळ साडेसात, कोकम सहा. पुढे वीस वर्षांनी झाडं एकमेकांच्या अंगावर आली की छाटायला जीव होत नाही, आणि मग फळं फक्त शेंड्याला लागतात.

तिसरं, काय लावायचं. बंद घराला आमचं पहिलं उत्तर काजू, दुसरं कोकम, तिसरं फणस. पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळले की ही झाडं आपलं आपण बघतात. नारळ-पोफळीला बाराही महिने माणूस लागतो, बंद घराला ती लावू नका. जायफळ आणि मिरी नारळ-पोफळीच्या सावलीत आणि ओलाव्यात राहतात, त्यामुळे तीही नकोत.

आणि कलम लावलंत तर सांध्याखालून फुटणारे कोंब दर भेटीत खुडत जा. ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे असतात. वर्षभर राहिले तर वरचं कलम मरतं आणि खालचं झाड तुमच्या हापूसच्या नावाने वाढतं. मालकाला ते कळतं आठ वर्षांनी, पहिलं फळ आल्यावर.

पाण्यासाठी गावात राहणाऱ्या घरांशी जोडी लावून देतो. मजुरी दोघांनी आपसात ठरवायची, मंडळ त्यात पैसे घेत नाही.

हापूस की काजू?

पोटापाण्यासाठी विचारत असाल तर ज्याच्याकडे खात्रीचं पाणी आणि फवारणीला माणसं नाहीत, त्याने काजूच लावावा. हापूस एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या अवकाळी पावसाने मोहोर गेला तर सगळंच गेलं. घरच्या खाण्यासाठी असेल तर एक हापूस, एक रत्ना आणि दोन रायवळ लावा. नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेल्या रत्नामध्ये साका (गरात पडणारा पांढरट, खराब भाग) होत नाही आणि ती बऱ्यापैकी दरवर्षी धरते.

आमचं कोकम इतकं मोठं झालं तरी धरत का नाही?

बहुतेक ते नर झाड असेल. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून लावली तर साधारण निम्मी नर निघतात, आणि फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं तरी, कुठलं कोणतं हे कळत नाही. म्हणून कोकमाचं कलमच घ्यावं. कोकण अमृता आणि कोकण हातीस या विद्यापीठाच्या दोन जाती मिळतात. अमृता आम्हाला जास्त पसंत, कारण तिचे रतांबे (कोकमाची फळं) पावसाच्या आत पिकून होतात. साधी झाडं मेअखेरीस पिकतात, नेमका वळवाचा पाऊस येतो आणि सालं वाळत घालायला ऊन उरत नाही. आमसुलं म्हणजे साल रसात बुडवून परत परत वाळवायची, ऊन नसेल तर बुरशी धरते.

नर झाड मात्र तोडू नका. आसपासच्या मादी झाडांना ते लागतं. तेवढ्यावरही मोठं नर झाड वाया घालवायचं नसेल तर त्याच्या फांद्यांवर मादीची काडी बांधता येते, मंडळात ते काम येणारे लोक आहेत.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वेंगुर्ल्याच्या काजूलाही त्याच वर्षी मिळालं. तरी गावागावांत रतांबे अजून झाडाखाली कुजताना दिसतात, आणि याचं आम्हाला खरोखर वाईट वाटतं. काढणीच्या दिवसांत ज्यांच्याकडे माणसं नाहीत त्यांनी निरोप द्यावा, गट येऊन काढतो. अर्धे तुमचे, अर्धे गटाचे.

सुरंगीची रोपं मिळतील का?

मिळतील, पण वाट बघायची तयारी ठेवा. आरवली-शिरोड्याचे सुरंगीच्या फुलांचे वळेसार (गजरे) सगळ्यांना हवे असतात, झाड लावायला मात्र फार कुणी धजत नाही, कारण ते हळू वाढतं आणि फुलायला बरीच वर्षं घेतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडेच दिवस बहर असतो. कळ्या उमलायच्या आत, पहाटे झाडावर चढून काढाव्या लागतात. फांद्यांना गच्च चिकटलेल्या त्या बारीक कळ्या एकेक करून खुडायला डोळे आणि बोटं दोन्ही तयार लागतात. या बहरावर अनेक बायकांची वर्षाची वरकमाई अवलंबून आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच: जुनी सुरंगी बांधकामात आडवी येत असेल तर तोडण्याआधी एकदा सांगा. बऱ्याचदा भिंत थोडी सरकवता येते.

सड्यावर एवढी मोकळी जागा असताना तिथे झाडं का लावत नाही?

कारण सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा कातळमाथा, ओसाड नाही. यावर बाहेरच्यांशीच काय, आमच्या आपल्या माणसांशीही वाद होतात, आणि आम्ही मागे हटत नाही.

उन्हाळ्यात सडा काळा आणि उघडा दिसतो. जूनचा पाऊस पडला की त्याच कातळाच्या भेगांत आणि वीतभर मातीत दिपकाडीची पांढरी फुलं येतात. दिपकाडीची ही जात कोकणाखेरीज जगात कुठे सापडत नाही. मागून गेंद येतो, निळी सीतेची आसवं येतात, तेरडा येतो. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. पाण्यातले बारीक जीव ती मुळाजवळच्या फुग्यांत धरते, म्हणून अशा नापीक जागी जगते. तिथे खड्डे पाडून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली तर हे सगळं तिच्या सावलीत आणि पाल्याखाली मरतं. शिवाय सड्यावरचं पाणी झिरपून खालच्या विहिरींना जातं. कोकणातल्या सड्यांवरच्या कातळशिल्पांचं नाव २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहे, तेही खड्डे न पाडायला पुरेसं कारण आहे.

सप्टेंबरात मुलांना सड्यावर नेतो, तेव्हा चप्पल कुठे टाकायची हे आधी शिकवतो.

देवराईत काही करता का?

प्लॅस्टिक उचलतो आणि घाटीतल्या पायवाटेवरचं रानमोडी हे तण उपटतो. बाकी काही नाही. देवळाभोवती शोभेची झाडं लावू या, पेव्हर ब्लॉक घालू या, अशा सूचना येतात, त्यांना आम्ही हात जोडून नको म्हणतो. पडलेलं झाड तिथेच कुजू द्यायचं असतं.

वहाळावर (ओढ्यावर) पोत्यांचे बंधारे तुम्हीच घालता का?

गाव घालतं, मंडळ हाक देतं. हत्तीचा पाऊस सरला आणि वहाळाचं पाणी कमी झालं की हे काम करायचं. खताची रिकामी पोती तीन चतुर्थांश भरायची, ठासून नाही, म्हणजे ती एकमेकांवर नीट बसतात. तोंड शिवायचं. भिंतीतल्या चिऱ्यांसारखे सांधे चुकवत पोती रचायची, दोन रांगा, मधे चिकणमाती चोपून. सांधे नीट बसले नाहीत तर पाणी तिथूनच वाट काढतं आणि आठवड्यात बंधारा बसतो.

अडलेलं पाणी लोकांना तळ्यासारखं दिसतं, पण त्याचा उपयोग डोळ्यांना दिसत नाही: ते शेजारच्या विहिरींत उतरतं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या बागांना उन्हाळ्यात त्याचा फरक कळतो, आणि आम्ही दिलेली रोपं त्या पाण्यावरच तगतात.

मेच्या शेवटी पोती काढून घ्यावी लागतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला नेहमीच माणसं कमी पडतात. पण ती तशीच राहिली तर फाटून सगळं प्लॅस्टिक खाडीत आणि समुद्रात जातं. रचायला आलेल्यांनी काढायलाही यावं.

काठाला आम्ही ताम्हण, करंज आणि उंडी लावतो. ताम्हण हे आपलं राज्यफूल, ओलाव्याच्या काठाला ते मनापासून वाढतं.

समुद्रकिनाऱ्यावर सुरूची झाडं लावत का नाही?

सुरूची गरज नाही. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, मर्यादवेल असते, जांभळ्या फुलांची. ती वाळू धरून ठेवते आणि तिला कुणाचं पाणी लागत नाही. ती उपटू नका, एवढंच सांगणं. वायंगणीसारख्या आपल्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यांना मोकळी वाळू आणि काळोख लागतो. किनाऱ्याकडच्या बागेत दिवे लावत असाल तर नोव्हेंबर ते मे ते मालवा किंवा जमिनीकडे वळवा.

तौक्ते वादळात मंडळाने काय केलं, आणि पुन्हा वादळ आलं तर काय करायचं?

जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या नारळ-पोफळीच्या वाड्या झोपवल्या तेव्हा आपल्याकडे थोडक्यात निभावलं होतं. मे २०२१ च्या तौक्तेने ती कसर भरून काढली. वीज गेलेली, रस्ते अडलेले, आणि प्रत्येक परसात काहीतरी आडवं. करवती, दोर आणि ज्यांना झाडावर चढता येतं अशी माणसं एकत्र करून आम्ही एकेक वाडी घेत गेलो. त्यातून शिकलेलं लिहून ठेवतो.

आडवा पडलेला माड किंवा पोफळ पुन्हा उभी राहत नाही, त्यावर वेळ घालवू नका. नुसता कललेला माड असू द्या. आंबा-काजूचं तरुण झाड कलंडलं असेल आणि एका बाजूची मुळं मातीत असतील तर ते वाचतं. फांद्या निम्म्याहून जास्त छाटा, मुळं उघडी ठेवू नका, पाऊस लागून माती मऊ झाली की दोर लावून हळूहळू उभं करा, टेकू द्या आणि दोन पावसाळे टेकू काढू नका. छाटलेल्या जागांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

पडलेली माडाची खोडं वाडीत कुजत ठेवू नका, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो, आणि वर्षभरात उरलेल्या माडांचे सुई-शेंडे कातरून टाकतो. त्याने केलेल्या जखमेच्या वासाने मागून सोंड्या भुंगा येतो, आणि तो आला की माड गेलाच समजा. खोडं फोडून सरपणाला काढा किंवा वाडीबाहेर न्या. शेणखताच्या खड्ड्यातही गेंड्याच्या अळ्या असतात, तिथे मेटारायझियम बुरशी टाकली तर त्या मरतात.

वणव्याचं काय?

जानेवारीत, गवत वाळायला लागलं की, बागांच्या कडेने जाळरेषा काढतो: पाच-सहा हात रुंदीचा पट्टा गवत कापून मोकळा करायचा. रात्री धूर दिसला तर आधी फोन करा, एकट्याने जाऊ नका. ओल्या टाळांनी (पानांसकट फांद्यांनी) झोडपून आग विझते, पण वाऱ्याच्या तोंडाला कधीही उभं राहायचं नाही. पातेरा जाळून बाग स्वच्छ करायची सवय सोडा. निम्मे वणवे तशाच छोट्या आगीतून पसरतात असं आमचं मत आहे, आणि तो पातेराच आळ्यात घातला तर उन्हाळ्यातलं पाणी वाचतं.

शाळेच्या परसबागेत काय लावावं?

शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि मेमध्ये शाळा बंद असते. मग त्या वेळापत्रकात बसणारीच पिकं घ्या. हळद, आलं, सुरण आणि करांदे पावसाच्या तोंडावर लावायचे आणि थंडीत खणायचे. सुरण उन्हाळ्यात आपण होऊन झोपतो, त्याला मेमध्ये पाणी लागतच नाही. पावसात मांडवावर पडवळ, दोडकी, तवसं, चिबूड. सपाट वाफ्यात मुळं कुजतात, म्हणून गादीवाफे हवेत. दिवाळीनंतर लाल माठ, मुळा, चवळी, वाल. कडेला शेवगा आणि कढीपत्ता. हे सगळं पोषण आहाराच्या डाळभातात जातं, आणि स्वतः लावलेला माठ मुलं न कुरकुरता खातात.

कोपऱ्यात एक लिंबू जरूर लावा. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. अळ्या पानं खातात, खाऊ द्यावीत.

गणपतीच्या माटवीचं सामान लावायचं म्हणजे काय?

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायची लाकडी चौकट. तिला कवंडळ, शेरवड, हरणं, तेरडा, सुपारीचं शिपटं, तवसं, आंब्याचे टाळ लागतात. पूर्वी घरातला माणूस रानात जाऊन गरजेपुरतं आणायचा. आता बाजारात विकायला गाडीभर येतं, वेली मुळासकट ओढून काढलेल्या असतात. म्हणून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने आणि शाळेच्या कुंपणाला आम्ही शेरवडाच्या फांद्या आणि कवंडळाच्या बिया लावत आलो आहोत. शेरवडाची ती पांढरी, पानासारखी पाकळी ऐन भाद्रपदात पूर्ण उमललेली असते. कापताना दोन डोळे ठेवून कापली तर पुढच्या वर्षी दुप्पट येते.

माकडांवर उपाय आहे का?

पूर्ण उपाय नाही. बुजगावणं दोन दिवस चालतं. माकडं सहसा तोंड लावत नाहीत अशी हळद, आलं, सुरण, मिरी, लिंबू घराजवळ वाढवा आणि केळी-पपई माणसांची ये-जा असेल तिथेच लावा.

तणनाशक मारलं तर चालेल का?

विहिरीच्या, वहाळाच्या आणि गडग्याच्या जवळ नको. आपल्या पावसात मारलेलं सगळं खाली वाहून जातं, आणि गडग्याच्या फटीतच टाकळा, कुर्डू, भारंगी उगवते, जी आपण श्रावणात खातो. कोयता चालवायला माणूस हवा असेल तर सांगा.

घरामागचा जुना फणस तोडायला परवानगी लागते का?

लागते. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडं १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जागेतली असली तरी. अर्ज वनखात्याकडे करावा. त्याआधी आम्हाला एकदा बघू द्या. धोका एखाद्या फांदीचा असेल तर तेवढीच उतरवता येते, आणि झाड जाणारच असेल तर निदान काडी घेऊन ठेवू.

सभासद व्हायला काय लागतं? वर्गणी किती?

वर्गणी नाही. वर्षातून एकदा तरी रोप, बी किंवा श्रम द्यायचे. चाकरमानी लांबून फक्त पैसे देऊ का असं विचारतात. चालेल, ते खत, पोती आणि करवतींना जातात आणि हिशेब देवळाच्या फळ्यावर लागतो. पण गणपतीला आलात की अर्धा दिवस कामाला या, ओळखी तिथेच होतात.

रोपं कधी आणि कुठे मिळतात?

मेच्या शेवटच्या आठवड्यात शाळेच्या पडवीत अदलाबदल होते. त्या दिवशी रोपं विकत मिळत नाहीत, बदल्यात काहीतरी आणावं लागतं. परसातलं काहीही चालतं, गवती चहाचा ठोंबही. काजू, आंबा आणि कोकमाची कलमं मोठ्या संख्येने हवी असतील तर विद्यापीठाच्या किंवा परवाना असलेल्या रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. आमच्याकडची कलमं थोडी असतात, ती आधी नाव नोंदवलेल्यांना जुलैत मिळतात. रोप लावून झालं की काळी पिशवी फाडून तिथेच टाकू नका, धुऊन परत द्या, पुढच्या वर्षीच्या कोयी त्यातच भरायच्या असतात.